किनारा झाडून झाला, आता काकींचा कागद कोण वाचणार?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता दिन पाळतात. त्या दिवशी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर मी शाळेची मुलं घेऊन गेले होते. एका महाविद्यालयाची मुलंही आली होती. सगळ्यांच्या अंगात सारखे टी-शर्ट, हातात नवे हातमोजे. पाहुणे यायला तास लागला, तोवर मुलं बॅनर धरून उन्हात उभी. पाहुणे आले, भाषण झालं, फोटो झाले. मग अर्धा-पाऊण तास कचरा गोळा झाला. प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे. पिशव्या भरल्या, त्यांचाही फोटो झाला.

ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत एक म्हाताऱ्या काकी बसल्या होत्या. मासे विकणाऱ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला कागद. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या थांबवत होत्या.

"बाय, ह्यां वायच वाचून दाखव गो. माका वाचूक येना नाय."

एका मुलीने हातमोजे दाखवले. "काकी, आमी कचरो उचलूक इलंव."

मुलगी उद्धट नव्हती. तिला जे काम सांगितलं होतं तेच ती प्रामाणिकपणे सांगत होती. तो कागद शेवटी मी वाचला. दर महिन्याला मिळणारं सरकारी अनुदान चालू राहण्यासाठी हयात असल्याचा दाखला द्या आणि बँक खातं आधारला जोडून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. काकींच्या खात्यात चार महिने पैसे आले नव्हते. बँकेत गेल्या तर तिथून परत पाठवलं, का ते कुणी समजावलं नाही. कागद दीड महिना पिशवीत होता. त्या किनाऱ्यावर त्या दिवशी शंभराच्या वर शिकलेली माणसं होती, त्यात मीही आले. सगळी समाजसेवेला आलेली.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे.

आधीच सांगते, किनारा झाडण्याला माझा विरोध नाही. वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हाही सदका आहे, हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात. समुद्रातला कचरा हा या तालुक्याच्या पोटाचा प्रश्न आहे. मासेमारी त्याच्यावर, पर्यटन त्याच्यावर. माझं भांडण वेगळं आहे. विद्यार्थ्यांनी कोणती सेवा करायची हे आपण गावाला विचारून ठरवत नाही, फायलीला विचारून ठरवतो. ज्या कामाचा फोटो येतो ते काम होतं, ज्याचा येत नाही ते राहून जातं. कागद वाचून दाखवण्याचा काय फोटो येणार?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात झाली. ब्रीद 'नॉट मी बट यू', म्हणजे मी नव्हे, तुम्ही. मुलांच्या छातीवर जो बिल्ला असतो त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवक चोवीस तास तयार आहे, असा त्याचा अर्थ. आम्ही त्या चोवीस तासांचं काय केलं? शनिवार सकाळ, साडेआठ ते साडेदहा.

आता थोडा हिशोब करू. योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात, म्हणजे वर्षाला १२०. त्यातले २० तास ओळख-प्रशिक्षणाचे, ३० महाविद्यालयाच्या आवारातल्या कामाचे आणि उरलेले ७० समाजात जाऊन करायच्या कामाचे. एका युनिटात शंभर विद्यार्थी. शंभर गुणिले सत्तर, वर्षाला ७ हजार तास.

हे ७ हजार तास कुठे जातात? जयंत्या, पुण्यतिथ्या, रॅल्या, पथनाट्यं, शपथा, वृक्षारोपण. मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात या वर्षीचं रोप लावलेलं मी पाहिलं आहे. आणि समजा हेच तास दुसरीकडे वळवले तर? दोन मुलं, आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एका वाडीत टेबल टाकून बसली. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर एका टेबलाला १६० तास लागतात. ७ हजार तासांत चाळीसच्या वर टेबलं होतात. एका महाविद्यालयाच्या एका युनिटमध्ये! चाळीस वाड्यांत दर आठवड्याला कुणीतरी शिकलेलं माणूस ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसलेलं असेल. कागद घेऊन या, वाचून देतो. अर्ज लिहायचा आहे, लिहून देतो.

कुणी म्हणेल, सिंधुदुर्ग तर शिकलेला जिल्हा, इथे वाचून दाखवायची काय गरज? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८५.५६ टक्के होती. चांगला आकडा आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की सात वर्षांवरच्या दर शंभर माणसांत चौदा-पंधरा जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि साक्षर म्हणून मोजलेल्यांपैकी कितीजण सरकारी मराठी वाचू शकतात? 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' हे वाक्य मी मराठीची शिक्षिका असून दोनदा वाचते.

त्यात आता कागदही उरला नाही, मोबाइल आला. 'लाडकी बहीण' २०२४ मध्ये आली, २०२५ च्या सप्टेंबरात तिची ई-केवायसी आली, ओटीपी आला. मच्छीमारांची नोंदणी पोर्टलवर गेली. रेशनकार्डाला आधार, खात्याला आधार, आधारला मोबाइल. ज्या बाईचा मोबाइल मुलाच्या नावावर आणि मुलगा मुंबईत, तिचा ओटीपी मुंबईत जातो. पूर्वी अंगठा देऊन काम भागायचं. आता अंगठाही यंत्र ओळखत नाही, कारण आयुष्यभर मासळी आणि जाळं हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात.

आपल्या मोहल्ल्यातली गोष्ट आणखी निराळी आहे. आपल्या कितीतरी खाला आणि नानी रोज कुराण वाचतात. अक्षरावर बोट ठेवून, अचूक. डोळे आहेत, अक्षराची सवय आहे, रोज वाचायची शिस्त आहे. पण समोर देवनागरीतला फॉर्म आला की त्या निरक्षर ठरतात. वर्गात मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एक लिपी येणाऱ्याला दुसरी शिकवणं किती सोपं असतं ते मला माहीत आहे. आपल्या घरातली बी.ए.ला असणारी मुलगी तीन-चार महिन्यांत आपल्या नानीला मराठी वाचायला शिकवू शकते. त्यासाठी सरकारची योजनाही आहे. 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, आणि तो पूर्णपणे बिनपगारी स्वयंसेवकांच्या भरवशावर उभा आहे. आपल्या मोहल्ल्यातून किती स्वयंसेवक गेले? मी विचारलं तेव्हा बहुतेकांना योजनेचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

सेवा कशी करतात हे शिकायला या जिल्ह्याला बाहेर जायची गरज नाही. आप्पासाहेब पटवर्धनांना लोक कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं. ते काम विशिष्ट जातीच्या कैद्यांचं, तुम्हाला मिळणार नाही, असं उत्तर आलं. आप्पांनी उपवास मांडला. त्यांच्यासाठी डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास सुरू केला. पुढे आप्पांनी कणकवलीत गोपुरी आश्रम उभारला, आणि संडास, मैलाखत, सफाई यावर आयुष्य घातलं. विचार करा, माणसाने मागून मागून काय मागितलं? जे काम कुणी बघायला येत नाही ते. आणि ते एका शनिवारसाठी मागितलं नाही.

त्यांच्याच जिल्ह्यात आम्ही मुलांना शिकवतो की काम केल्यावर जिओटॅगचा फोटो काढा, नाहीतर तास धरले जाणार नाहीत.

प्राध्यापकांना मी दोष देत नाही. त्यांच्यावर मूल्यांकनाची टांगती तलवार आहे, फाइल भरली नाही तर त्यांचीच पंचाईत. मुलांनाही देत नाही. सवलतीचे दहा गुण मिळतात म्हणून नाव घालणारी मुलं मला चालतात. माणूस गुणांसाठी येतो आणि कामासाठी राहतो, हे मी पाहिलेलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर पदवीच्या आराखड्यातच समाजातल्या कामाला श्रेयांक आले आहेत. म्हणजे इथून पुढे प्रश्न मुलं येतील का हा नाही, आलेल्या मुलांना आपण कुठे नेणार हा आहे.

आता आपल्या घरात येऊ. दुसऱ्यांच्या फोटोंवर बोलणं सोपं असतं.

रमजानात आपण किट वाटतो. तांदूळ, तेल, खजूर. चांगलं काम आहे. पण पिशवीवर देणाऱ्याचं नाव, मागे बॅनर, आणि घेणाऱ्या बाईने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून तिला दोनदा हाक मारायची, हे काय आहे? उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि संध्याकाळी स्टेटस ठेवतो. सूरह माऊन तर सात आयतींची, लहान मुलांनाही पाठ असते. नमाज पढतात पण दिखावा करतात आणि रोजच्या वापरातली साधी वस्तूही शेजाऱ्याला देत नाहीत, अशांबद्दल तिथे किती कडक शब्द आले आहेत! माऊन म्हणजे अशीच लहानशी मदत. मीठ, सुई, डोल. आजच्या काळात मला वाटतं माऊन म्हणजे पाच मिनिटं बसून शेजारणीचा कागद वाचून देणं.

दुसरी गोष्ट मुलींची. ही मी माझ्यावरूनच सांगते. १९९८ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सेवा योजनेत नाव घातलं होतं. वर्षभराचे तास मी पूर्ण केले, सगळ्यांच्या आधी. मग सात दिवसांचं निवासी शिबिर आलं, आणि अब्बा म्हणाले, नाही. मी रडले, अम्मीने मध्यस्थी केली, प्राध्यापिका घरी आल्या. अब्बा वाईट नव्हते, घाबरलेले होते. लोक काय म्हणतील, रात्री कुठे झोपणार, खाणं कसलं असेल. शिबिराशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. मला मिळालं नाही. त्या गावात मुलींनी ओढ्यावर वनराई बंधारा बांधला. वाळूची पोती एका हातातून दुसऱ्या हातात देत. मैत्रिणीने नंतर सांगितलं, फेब्रुवारीपर्यंत पाणी राहिलं. त्या रांगेत माझे हात नव्हते, याची खंत प्रमाणपत्राहून मोठी आहे. आज सत्तावीस वर्षं झाली तरी आहे.

आज माझ्या विद्यार्थिनी येऊन तेच सांगतात. "टीचर, घरून शिबिराला पाठवत नाहीत." सत्तावीस वर्षांत फोन बदलले, घरं बदलली, हे वाक्य बदललं नाही. पालकांना माझं म्हणणं आहे: शिबिराची चौकशी करा, अवश्य करा. सोबत शिक्षिका कोण, राहण्याची जागा कुठली, जेवण काय, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण चौकशी म्हणजे नकाराची तयारी नव्हे. आणि महाविद्यालयांना म्हणणं आहे: सात रात्रींच्या एका शिबिरावरच सगळं प्रमाणपत्र अडकवून ठेवलंत, तर गळतील त्या नेमक्या त्याच मुली ज्यांना गावात जाण्याची सर्वांत जास्त गरज आहे. घरापासून दोन किलोमीटरवर दर रविवारी बसणारं टेबल असेल तर त्यात येण्यापासून त्यांना कोण अडवणार? त्याची शिफारस विद्यापीठाकडे करायला काय हरकत आहे?

"पण आपल्या मुलींना दुसऱ्यांच्या वाडीत कोण बसू देईल?" हाही प्रश्न मला विचारला जातो. दिवस तसे आहेत, मी नाकारत नाही. नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला मीही पाहिला आहे. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हाचं आठवा. माड पडलेले, घरांची कौलं उडालेली, कित्येक दिवस वीज नाही. महाविद्यालयं कोरोनामुळे बंद होती, त्यामुळे शिबिर नाही, बिल्ला नाही, बॅनर नाही. तेव्हा आमच्या वाडीत कोयते घेऊन कोण आलं आणि कोण कुणाच्या घरावर चढलं, याची यादी कुणी केली नाही. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी घरोघर फिरून नुकसानभरपाईचे अर्ज लिहीत होत्या. एका आजोबांनी एकीला शेवटी विचारलं, "तू कोणाचा चेडू गे?" तिने नाव सांगितलं. आजोबा म्हणाले, "बरां. माझ्या भावाचो पण लिव." एवढंच. कागद अडला की माणूस वाचणारा शोधतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. माझ्या एका सहकाऱ्यांनीच तो घेतला. ते म्हणाले, मॅडम, हे तर सरकारचं काम. कर्मचारी नेमत नाहीत, रिकाम्या जागा भरत नाहीत, आणि तुम्ही पोरांना फुकट राबवून त्यांची सोय करताय. आक्षेप खरा आहे. म्हणून टेबलावर दोन वस्तू हव्यात. एक पेन आणि दुसरी वही. वहीत लिहायचं: कोणत्या कामासाठी माणूस आला, किती फेऱ्या झाल्या, कशासाठी परत पाठवलं. नाव नाही, फक्त काम. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित केलेली सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेलं असतं, न दिल्यास अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. हा कायदा मुलांनी वाचावा, लोकांना सांगावा, आणि वही ग्रामसभेत मांडावी. नुसता अर्ज भरून देणारा मुलगा कारकुनाचा बिनपगारी मदतनीस होतो. तोच अर्ज का अडला हे ग्रामसभेत उभं राहून विचारणारा मुलगा नागरिक होतो. विद्यापीठाने मुलांना गावात पाठवायचं ते यासाठी.

काही नियम मात्र पक्के हवेत, कारण आधार आणि बँक म्हणजे विस्तव आहे. ओटीपी मुलाने विचारायचा नाही, ज्याचा त्याने टाकायचा. कुणाच्या कार्डाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही. पैसे हातात घ्यायचे नाहीत, चहाचेसुद्धा नाहीत. अर्ज भरल्यावर सगळा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सही किंवा अंगठा. टेबलावर एकटं बसायचं नाही, दोघांनी बसायचं. आणि कागदात जे वाचलं ते टेबलावरच सोडून यायचं. वाडीत कुणाला किती मिळतं याची चर्चा बाहेर गेली तर दुसऱ्या रविवारी कुणी येणार नाही, आणि येऊही नये.

सुरुवात कधी करायची? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर, माणसं घरी, जाळी विणत बसलेली. त्याच वेळी महाविद्यालयं सुरू होतात. किनाऱ्यावरच्या वाड्यांसाठी याहून चांगला मुहूर्त नाही. जागेसाठी शाळेची पडवी आहे, देवळाचा मंडप आहे, मशिदीची ओसरी आहे. जमातीच्या जबाबदारांना माझी विनंती आहे: ओसरीत एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवा, आणि ते टेबल सगळ्या वाडीसाठी आहे असं बाहेर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. किट वाटण्याहून खर्च कमी येईल.

त्या काकींचं पुढे काय झालं? दाखला काढला, खातं जोडलं, एक लेखी अर्ज दिला. तीन फेऱ्या झाल्या. अनुदान डिसेंबरात सुरू झालं. मधल्या महिन्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत, त्याचा दुसरा अर्ज दिला आहे. तो अर्ज मी लिहिलेला नाही. हातमोजे दाखवणारी ती मुलगी दुसऱ्या आठवड्यात माझ्या शाळेत आली, म्हणाली, मॅडम, त्या काकींचा कागद कसला होता? मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, अर्ज कसा लिहितात ते मला दाखवाल?

आता ती आणि तिची एक मैत्रीण दर रविवारी दहा ते बारा तिथे बसतात. अजून टेबल नाही, होडीच्या सावलीतच. त्या तासांची नोंद महाविद्यालयाने धरायची की नाही, यावर अजून निर्णय झालेला नाही. फोटो जोडलेला नाही म्हणून.